काचेपलीकडचा भाऊ

लुसेआनेच्या भाचीची, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीची, पहिली वर्षगाठ मांगेरे या उपनगरातल्या चर्चच्या हॉलात झाली आणि चौदा डुकरं भाजूनही शेवटच्या पंगतीला कमी पडली, ते दोन हजार दहा साल. टोंगन, म्हणजे टोंगा बेटांवरून या देशात आलेल्या, घरात पोराची पहिली वर्षगाठ लग्नाच्या तोडीची असते, आणि त्या दिवशी पहिला मान आईबापांना नसतो, आत्याला असतो. म्हणून लुसेआने मधोमध बसली होती. गळ्यात फुलं, पुढ्यात सगळ्यात उंच केक, आणि पाठीशी तिची स्वतःची आत्या वाइमोआना. वाइमोआनाच्या हातात एकदा माइक आला की तो परत मिळवणं पास्टरांनाही जमत नसे.

"ही आमची लुसे," वाइमोआना म्हणाली. "मनाची डॉक्टर होणार. आजवर या गावात आपल्याला आपल्या भाषेत रडायचं तर चर्चमध्ये रडावं लागायचं, आणि तिथे शेजारीण ऐकते. आता दवाखान्यात रडा. ज्यांच्या डोक्याला ताप आहे त्यांनी आजच नंबर लावा. पहिला नंबर पास्टरांचा, त्यांना माझा ताप आहे."

हॉल हसला. पास्टरही हसले. लुसेआने मान खाली घालून केककडे बघत राहिली. आत्याने दोनशे माणसांसमोर सांगितलेली गोष्ट आता झालीच पाहिजे, हे तिला कळत होतं.

विद्यापीठात मानसशास्त्राची पदवी घेतल्यावर पुढे तीन वाटा होत्या. एक संशोधनाची: आकडे गोळा करा, प्रबंध लिहा. दुसरी समाजकार्याकडे जाणारी: शिबिरं, शाळा, अहवाल. तिसरी चिकित्सेची. तिसऱ्या वाटेवर वर्षाला नऊच जागा, आणि तीच वाट पुरी केली तर दार लावून दुखणाईत माणसासमोर एकटं बसायचा परवाना मिळायचा. लुसेआनेला पहिल्या दोन वाटांशी काही घेणंदेणं नव्हतं. ती अकरा वर्षांची असताना बापाला घेऊन इस्पितळात गेली होती. बाप बोलायचा, ती डॉक्टरला इंग्रजीत सांगायची. "बाबांना झोप लागत नाही." "बाबांना वाटतं की आपण नसतो तर बरं झालं असतं." हे वाक्य तिने बापाच्या तोंडून ऐकून परक्या माणसाला सांगितलं होतं, आणि डॉक्टरने ते लिहून घेताना तिला एक गोळी दिली होती, चघळायची, संत्र्याची. असं दुसऱ्या कुठल्या पोरीला करायला लागू नये म्हणून तिला ती तिसरी वाट हवी होती. तिथे ती दुसऱ्या वर्षापर्यंत आली होती.

त्याच नऊ जणांत केलेपी होता. केलेपी वाइमोआनाचा मुलगा, लुसेआनेचा आतेभाऊ. मराठी वाचणाऱ्याने आतेभाऊ म्हटल्यावर भलतं काही मनात आणू नये. टोंगन माणसांत तो भाऊच, आणि भावाबहिणीत मर्यादा इतकी कडक की मोठं झाल्यावर दोघं एका खोलीत झोपत नाहीत, सिनेमात चुंबनाचा प्रसंग आला की एक जण उठून पाणी प्यायला जातो, आणि शरीराची, बिछान्यातली गोष्ट दोघांच्या कानांवर एकदम पडू देत नाहीत. चुकून कुणी बोललंच, तर बोलणाऱ्याला भर मांडवात कुणीतरी गप्प करतं. याला कुणी नियम म्हणत नाही. जसं जेवताना तोंड बंद ठेवून चावायचं, तसं हे.

विद्यापीठातल्या शिकाऊ दवाखान्यात एक खोली होती, तिच्या एका भिंतीला आरसा. आरशाच्या पलीकडून तो काच असे. शिकणारा रोग्यासमोर बसायचा, बाकीचे आठ आणि प्राध्यापक काचेमागच्या अंधारात बसून भिंतीतल्या स्पीकरवर ऐकायचे. टेबलावर टेप चालू असायची. दर गुरुवारी ती टेप वर्गात सगळ्यांसमोर लावून वाक्यावाक्यावर चर्चा व्हायची.

एप्रिलमध्ये लुसेआने डॉक्टर प्रेंटिस यांच्या खोलीत गेली. बाकीची मुलं त्यांना हिलरी म्हणत. लुसेआनेच्या तोंडून ते निघत नसे.

"डॉक्टर, मी बसते तेव्हा केलेपीला काचेमागे ठेवू नका."

"काही भांडण आहे का तुमचं?"

"नाही. तो माझा भाऊ आहे."

प्रेंटिसबाईंनी कागद काढून पाहिला. "आडनावं वेगळी आहेत."

"माझ्या आत्याचा मुलगा."

"मग नियमात बसत नाही ग. सख्खी भावंडं आणि नवराबायको, एवढंच आहे त्यात. आणि खरं सांगू? तुम्ही दोघं आहात हे माझं नशीबच. तू टोंगन रोग्यांशी टोंगनमध्ये बोल, केलेपी आम्हाला आत बसून भाषांतर करून सांगेल. असं या देशात कुठेही नाही."

का नको, हे सांगायला लुसेआनेने तोंड उघडलं, पण सांगायचं म्हणजे तीच गोष्ट बोलायची. ती "बरं" म्हणून उठली. केलेपीनेही आपल्या बाजूने असाच एक अर्धामुर्धा प्रयत्न करून "बरं" म्हटलं होतं. आणि दोघांनी एकमेकांशी हा विषय काढायचा प्रश्नच नव्हता. तो काढता आला असता तर अडचणच उरली नसती.

मे महिन्यात इस्पितळाने सोसाया लोलोहेआ यांना पाठवलं. एकसष्ट वर्षांचे, आधी बस चालवायचे. साखरेने मूत्रपिंडं गेली होती, आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुऊन घ्यायला जात. एका नर्सला ते म्हणाले होते, "पुरे झालं हे यंत्र." म्हणून त्यांच्या कागदावर लाल खूण होती: जिवाला धोका. अशा माणसाच्या बाबतीत विद्यापीठाचा नियम साधा होता. एक तर त्याची भाषा समजणारा कुणीतरी काचेमागून ऐकत असला पाहिजे, नाहीतर टेप झाली पाहिजे.

पहिल्या तीन बैठकांत सोसायाकाकांनी बसचे मार्ग सांगितले. कुठल्या वळणावर कोण म्हातारी चढायची, कुणाच्या पिशवीत मासे असायचे. लुसेआने ऐकत राहिली. चौथ्या बैठकीत त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"लेकी, यंत्राचं दुखणं नाही माझं. दुखणं घरात आहे. बायकोजवळ मी..."

पुढचं वाक्य यायच्या आधीच काय येणार ते तिला कळलं. तिच्या मनात गुरुवार आला. टेबलाभोवती नऊ जणं, टेप चालू, आणि तिच्यासमोर बसून केलेपी हे एकेक वाक्य इंग्रजीत मोठ्याने सांगतोय. भिंतीपलीकडचा भाऊ एक वेळ नाहीच असं धरता येतं. एका टेबलाशी बसलेला धरता येत नाही. तिने हात पुढे करून टेप बंद केली.

काकांनी आरशाकडे पाहिलं. "तिकडे कोण आहे?"

"बाई आहेत, वर्गातली मुलं आहेत. आणि माझा भाऊ."

काकांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. "मग बरं केलंस," म्हणाले, आणि आवाज अगदी खाली आणून चाळीस मिनिटं बोलले. आजाराने शरीर कसं निकामी झालं, बायको कशी काही बोलत नाही, तिने आपली उशी मुलीच्या खोलीत कशी नेली, आणि यंत्रावर पडल्यापडल्या आपण कुणासाठी जगतोय हे कसं आठवत नाही. जाताना त्यांनी लुसेआनेच्या डोक्यावर हात ठेवला. पुढच्या मंगळवारी येतो म्हणाले. मंगळवारी कधी यायचं हे त्यांनी आपण होऊन विचारलं, हे पहिल्यांदाच घडलं होतं.

लुसेआने खोलीतून हसत बाहेर आली. दारात प्रेंटिसबाई उभ्या होत्या, गोऱ्या चेहऱ्यावर लाल चट्टे.

"टेप का बंद केलीस?"

"केलेपी ऐकत होता ना. मी तुम्हाला सगळं सांगते, आत्ता, आपण दोघीच..."

"केलेपी ऐकत नव्हता. पहिलं वाक्य ऐकलं आणि उठून गेला. मला म्हणाला, टेप होतेय, ती दुसऱ्या कुणाकडून भाषांतर करून घ्या."

दोघं तिथेच चुकली होती. तो एकटा उठला असता तर टेप होती. तिने एकटीने टेप बंद केली असती तर तो होता. बहिणीची लाज राखायला भाऊ उठला, भावाची लाज राखायला बहिणीने बटण दाबलं, एकाच श्वासात, मधे भिंत. चाळीस मिनिटं जिवाला धोका असलेला माणूस विद्यापीठाच्या लेखी वाऱ्यावर होता. काचेमागे आठ माणसं नुसते ओठ हलताना बघत बसली होती, आणि टेप बंद आहे हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा बैठक संपत आली होती.

त्या दुपारी लुसेआनेने प्रेंटिसबाईंना दार लावून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं. मग म्हणाल्या, "तू सांगितलेलं हा पुरावा होत नाही."

जूनमध्ये तिघांची समिती बसली. लुसेआने काळा स्कर्ट घालून, कमरेला विणलेली चटई बांधून गेली, मोठ्यांपुढे जाताना बांधतात तशी. एका सभासदाने ती छान दिसते म्हणून सांगितलं. मग विचारलं, "नियम माहीत होता?"

"होता."

"मग?"

"माझ्या भावासमोर ते लावता आलं नसतं."

"पण तो तुमचा सख्खा भाऊ नाही."

तिने पाचव्यांदा सांगितलं. मग साक्षीला केलेपीला आत बोलावलं आणि तिच्याच शेजारच्या खुर्चीवर बसवलं. "रोगी नेमकं काय म्हणाला, जे ऐकून तुम्ही उठलात?" असं त्याला विचारलं, तिच्यादेखत. केलेपी खाली बघत राहिला. त्याच्या मानेवरून घाम ओघळताना तिला दिसत होता. तिने त्यांना ओरडून सांगायला हवं होतं की तुम्ही आत्ता, या क्षणाला, तेच करताय. पण ओरडण्याआधी समजावावं लागतं, आणि समजावून ती थकली होती.

निकाल आठवड्याने लागला. केलेपीचा दोष नाही, बघणाऱ्याला उठायची मोकळीक असते. लुसेआनेकडून सुरक्षेचा भंग. चिकित्सेच्या वाटेवरची जागा रद्द. सोसाया लोलोहेआ यांना दुसऱ्या विद्यार्थ्याकडे द्यावं.

प्रेंटिसबाईंनी तिला खोलीत बोलावून टेबलावर तीन माहितीपत्रकं मांडली. हिरवं, निळं, पिवळं. वर हसऱ्या मुलांची चित्रं.

"तुझ्यासमोर अजून पुष्कळ पर्याय आहेत, लुसेआने. हे संशोधनाचं बघ. मला तर वाटतं तू याच विषयावर लिही. भावाबहिणीतली मर्यादा आणि चिकित्सेचं प्रशिक्षण. असं काम कुणी केलेलं नाही. मी स्वतः मार्गदर्शन करेन."

लुसेआनेला आधी ऐकलेलं खरं वाटेना. "म्हणजे एप्रिलमध्ये मी सांगत होते तेव्हा तुम्हाला वेळ नव्हता. आता मी तेच ऐंशी पानांत लिहून द्यायचं, आणि तुम्ही त्यावर सही करायची."

"तू रागावली आहेस, ते समजू शकते मी."

"नाही समजू शकत तुम्ही. समजण्यासाठी तिथे एक माणूस बसवला होता, तो उठून गेला." तिने पत्रकं एकावर एक नीट रचली आणि त्यांच्याकडे सरकवली. "सोसायाकाका कुणाकडे?"

"ते आता मला तुला सांगता येणार नाही."

तिला वाटलं, केलेपीकडे. दुसरं कोण? एवढ्या एका विचारावर ती बस धरून आत्याच्या घरी आली. जागा गेली तर गेली, निदान काकांसमोर आपलं माणूस बसेल.

वाइमोआना स्वयंपाकघरात अळूच्या पानांत मटण आणि नारळाचं दूध बांधत होती. केलेपी बाहेर ओट्यावर पायरीवर बसला होता, पाठ दाराकडे. निकालापासून दोघं एकमेकांशी बोलली नव्हती.

"मला एक सांग," वाइमोआना म्हणाली, "तू त्या खोलीत बसायला तयारच कशी झालीस? भाऊ भिंतीमागे आणि तू परक्या पुरुषाशी असलं बोलत. मी माइकवर काय सांगितलं होतं, मनाची डॉक्टर. हे नव्हतं सांगितलं."

"आत्या, मनाचं दुखणं म्हणजे काय वाटतं तुला, डोक्याला बाम लावतात?"

"उलट बोलू नकोस, पानं फाटतात माझी." आत्याने एक पुडकं बांधून ताटात आपटलं. "त्याला काय सांगायचं असेल तर मला सांग. तो तीन दिवस जेवला नाही."

"सांग त्याला, बैल आहेस म्हणावं. उठून जायचं होतं तर आधी बाईंना मला थांबवायला सांगायचं होतं."

वाइमोआना दारापर्यंत गेली. "केलेपी, लुसे म्हणते तू फार गुणी मुलगा आहेस, फक्त जरा घाई केलीस."

"आत्या, मी असं नाही म्हटलं."

"मी भाषांतर करतेय. तू गप्प बस, मला येतं."

बाहेरून केलेपीचा आवाज आला, भिंतीला सांगितल्यासारखा. "आई, तिला सांग, तिची जागा जाऊन माझी राहिली, हे तोंड घेऊन मला मांगेरेत फिरता येणार नाही."

"ऐकलंस?"

"ऐकलं. त्याला सांग, तोंडाचं नंतर बघ. काकांना मंगळवारी काय विचारायचं ते मी लिहून आणलंय. बायकोचा विषय आपण काढायचा नाही, बसच्या मार्गावरून तेच येतात."

पायरीवर केलेपी काहीतरी पुटपुटला. वाइमोआनाने मान बाहेर काढली, ऐकलं, आणि आत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"काय म्हणाला?"

"दुपारी विद्यापीठात जाऊन आपलं नाव काढून आलाय. कागदावर सही करून."

लुसेआने उठली. भावाशी अशा आवाजात बोलायचं नसतं, पण ती ओट्यावर जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"परत तेच केलंस. मला न विचारता परत उठून गेलास. माझ्यासाठी गेलास ना? माझ्या मानासाठी? माझा मान घेऊन काका काय करतील? नऊ जणांत आपली भाषा दोघांना येत होती. एकाला त्यांनी काढलं आणि दुसरा आपल्या पायाने चालत बाहेर आला. त्यांना दार लावायचेही कष्ट दिले नाहीस तू."

केलेपी रडत होता. "मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"बरं," ती म्हणाली. एप्रिलमधलाच तो शब्द तिच्या तोंडून असा निघाला की वाइमोआनाने आत गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी केलेपी कागद परत मागायला गेला. जागा प्रतीक्षायादीतल्या मुलाला देऊन झाली होती.

ऑगस्टच्या मध्यावर एका रविवारी, प्रार्थनेनंतर, वाइमोआनाने लुसेआनेला सोसायाकाकांच्या घरी नेलं. जुन्या रोग्याला भेटायचं नाही, असं पत्र विद्यापीठाने दिलं होतं. "पत्र तुला आहे," वाइमोआना म्हणाली. "मी रताळी घेऊन चाललेय आणि मला पिशवी उचलवत नाही."

काका खिडकीजवळ खुर्चीत होते. पाय सुजलेले, चेहरा राखेच्या रंगाचा. तिला बघून टोपी काढली.

"बस. टेप कुठे लावलीयस आज?"

"नाही, काका. टेप नाही."

"तुझ्या जागी एक पोरगा दिला त्यांनी. भला पोरगा. टेबलावर फोन ठेवला, फोनमधून दुभाषी म्हणून एक बाई टोंगन बोलायला लागली. मी दोन शब्दांत आवाज ओळखला. आमच्या चर्चच्या खजिनदाराची सून. तिला मी काय सांगू? झोप छान लागते म्हणालो. भूक छान लागते म्हणालो. पोराने लिहून घेतलं, हात मिळवला, म्हणाला तुम्ही बरे आहात."

"तुम्ही मला निरोप का नाही पाठवलात?"

"कुणाबरोबर पाठवू?" काका म्हणाले. "शुक्रवारी इस्पितळात सांगितलं, आता यंत्रावर येत नाही. कागदावर सही घेतली. त्यांनी विचारलं, कुणाशी बोलायचंय का. म्हटलं, बोलत होतो, त्यांनीच बंद केलं."

आतल्या खोलीत त्यांची बायको वाइमोआनाच्या रताळ्यांची पिशवी हातात धरून उभी होती. ती बाहेर आली नाही. लुसेआनेने काकांना विनवलं, ती रागावली, मी वर तक्रार करते म्हणाली, पुन्हा अर्ज करते म्हणाली, निदान सोमवारी एकदा यंत्रावर जा, मी बरोबर येते.

"अर्ज कर," ते म्हणाले. "पण त्यात माझं नाव घालू नकोस. आणि माझ्यासाठी म्हणून करू नकोस, मला उशीर झाला. मी एकदा बोललो, चाळीस मिनिटं. ते बोलणं चांगलं होतं. पण एकदा बोलून माणसाला काय होतं?"

परत येताना वाइमोआना गाडी चालवत काही बोलली नाही, जे तिच्या आयुष्यात क्वचित घडलं असेल. लाल दिव्यावर गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "त्या प्रेंटिसबाईला मी जाऊन चार शब्द सांगू?"

"काय सांगशील?"

"अजून ठरवलं नाही. पण भाषांतराला तू नकोस, आणि केलेपीही नको. ती मला जे समजायचं ते समजेल."

सोमवारी ती खरंच गेली, फुलांचा मोठा झगा घालून, आणि प्रेंटिसबाईंच्या दारासमोर खुर्ची घेऊन बसली. दीड तासाने सुरक्षारक्षक आला. तो सामोआन, म्हणजे शेजारच्याच बेटांवरचा होता, त्याने आधी तिला वाकून नमस्कार केला आणि मग हाताला धरून जिन्यापर्यंत पोचवलं. प्रेंटिसबाई मागच्या दाराने जेवायला गेल्या होत्या.

लुसेआनेने त्याच आठवड्यात पुढच्या वर्षीच्या चिकित्सेच्या जागेसाठी पुन्हा अर्ज भरला. पहिला प्रश्न होता, मागच्या चुकीतून आपण काय शिकलात. तिने चारदा लिहून चारदा खोडलं आणि ती जागा कोरी ठेवून पाकीट बंद केलं.

सोसाया लोलोहेआ सोमवारी, तेवीस ऑगस्ट दोन हजार दहा रोजी, सकाळी, मांगेरेत आपल्या घरी वारले.